मदत हवी आहे : मुलांसह बिऱ्हाड हलवायचंय, बाळे की जुळे सोलापूर?

नमस्कार मंडळी. नोकरी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, मुलं दोन: एक पहिलीत जाणार, एक सहावीत. जूनच्या आत भाड्याचं घर ठरवायचंय. चिंचोळीला बाळे जवळ, त्याच पुणे रस्त्यावर. जुळे सोलापूरहून रोज अख्खं शहर ओलांडावं लागणार. पण शाळा, क्लास, दवाखाने तिकडे हाताशी, म्हणून मन तिकडे ओढतं.

खरी मेख पाण्याची. नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे घर बघताना मी आधी हौद बघतो. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांना 540, पाच दिवसांना 2700 लिटर. म्हणजे 3000 लिटरचा हौद हवाच, गच्चीवरची 500 ची टाकी कामाची नाही. बोअर असलं तरी पाणी जड असेल तर गीझरची कॉइल क्षाराने धरते.

दुसरं, धाकट्यासाठी आरटीईचा (खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेचा) अर्ज भरायचाय. शाळेपासून 1 किमीच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य, आणि भाडेकरार नोंदणीकृत व अर्जाच्या तारखेआधीचा लागतो. घरमालक नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवू म्हणाले तर पंचाईत.

तिथे राहणाऱ्यांनी एवढं सांगा:
बाळ्यात तुमच्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येतं?
शाळेसाठी मुलांना हायवे पायी ओलांडावा लागतो का?
जुळे सोलापुरात कोणत्या भागात दाब बरा आहे?

दोन्हीकडे राहून बघितलेलं कुणी असेल तर फारच उत्तम.