पुनरुत्थानाला ‘ओसायरिसची नक्कल’ म्हणणं चूक आहे

उत्खनक:
येशूचं पुनरुत्थान ही ओसायरिस या मारून तुकडे केलेल्या इजिप्शियन देवाच्या कथेची नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. दोन्हीकडचा तपशील शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो.

इजिप्तमध्ये सगळा खटाटोप देह टिकवण्याचा. विधी एकूण 70 दिवसांचा. त्यातले साधारण 40 दिवस देह नॅट्रॉन या नैसर्गिक क्षारात सुकवायचा. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी काढून चार बरण्यांत. मेंदू टाकून द्यायचा. हृदय मात्र आतच, कारण मृत्यूनंतरच्या न्यायात ‘मात’ या सत्याच्या देवतेच्या पिसासमोर ते तोललं जाणार. तेच हृदय आपल्यावर उलटेल ही भीती इतकी खरी, की ‘माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ असा मंत्र कोरलेला दगडी भुंगा छातीवर ठेवत. देह कुजला तर ‘बा’ला, म्हणजे मृताच्या आत्म्याला, परतायला जागा उरत नाही. आणि खुद्द ओसायरिस? तुकडे जोडल्यावर तो दुआतमध्ये, म्हणजे मृतांच्या लोकात, राजा होतो, नाईलकाठी परत येत नाही.

यहुद्यांकडे यातलं काही नाही. जुन्या ग्रंथांत मेलेले सगळे ‘शिओल’ या पाताळात जातात, चांगले-वाईट एकत्र. बदल ठळक दिसतो तो इ.स.पू. 167 नंतर, अंतियोख चौथा हा ग्रीक राजा यहुदी धर्माचरणावर बंदी घालतो तेव्हा. नियम पाळणाराच मारला जातोय, मग देवाच्या न्यायाचं काय? बायबलच्या दानीएल या ग्रंथातलं 12:2 हे वचन याच काळातलं, इ.स.पू. 165 च्या आसपासचं: मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील. याच छळाची कथा सांगणाऱ्या 2 मक्काबी या यहुदी ग्रंथाच्या सातव्या अध्यायात, राजा हाल करून मारत असलेल्या सात भावांतला तिसरा जीभ आणि हात पुढे करून सांगतो की हे देवाने दिले, त्याच्याकडूनच परत मिळतील. देहाचा आग्रह इथला आहे. राजाने जे कापलं तेच परत हवं.

आतश:
इजिप्तबद्दल मान्य. पण इराण गाळलंत. इ.स.पू. 539 पासून दोन शतकं यहुदा प्रांत इराणी साम्राज्यात होता. मेलेली माणसं पुन्हा जिवंत होतील, ही मगींची, म्हणजे जरथुष्ट्री पुरोहितांची, शिकवण थिओपोम्पस या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या ग्रीक इतिहासकाराने नोंदवली होती. डायोजिनीस लाएर्शियस हा नंतरचा ग्रीक लेखक त्याचा हवाला देतो. म्हणजे दानीएलच्या बरंच आधी. ‘बुंदहिश्न’ या जरथुष्ट्री ग्रंथात तर शंकाही आहे आणि उत्तरही. वाऱ्याने उडवलेला, पाण्याने वाहून नेलेला देह पुन्हा घडणार कसा? हाडं पृथ्वीकडून, रक्त पाण्याकडून, केस वनस्पतींकडून परत मागून घ्यायचे. पारशी परंपरेत या पुनरुत्थानाला ‘रिस्ताखेज’ म्हणतात.

उत्खनक:
थिओपोम्पसचा मुद्दा वजनदार आहे, तो मी आधीच घ्यायला हवा होता. बुंदहिश्न मात्र आजच्या रूपात इ.स. नवव्या शतकाच्या सुमाराचं. त्यातला तपशील मागे नेता येत नाही. शिवाय इराणी शिकवणीत सगळेच उठतात, दानीएलमध्ये ‘पुष्कळ’. कल्पना उसनी असेल तर हा फरक कसा पडला?

चुनखडी:
येरुशलेमच्या अस्थिपेट्या विसरू नका. इ.स.पू. 20 च्या सुमारापासून इ.स. 70 पर्यंत ही पद्धत भरात होती. प्रेत आधी गुहेत ठेवायचं, वर्षभराने मांस झडलं की हाडं गोळा करून चुनखडीच्या पेटीत. पेटीची लांबी मांडीचं हाड मावेल एवढी. माणसामाणसाची हाडं अशी जपायची, ती उठणार असल्याखेरीज कशाला?

मोडीवाचक:
हा निष्कर्ष टिकत नाही. 1990 मध्ये सापडलेल्या एका पेटीवर ‘योसेफ बर कैफा’ असे कोरलेले आहे. बहुतेक अभ्यासक तो येशूच्या खटल्यातील महायाजक कयफा मानतात. महायाजकाचे लोक सदूकी पंथाचे, आणि सदूकी पुनरुत्थान नाकारत. तरीही पेटी आहे. कित्येक पेट्यांत एकाहून अधिक माणसांची हाडे मिसळलेली आहेत. उलट, रिस्ताखेज मानणारे पारशी मुंबईत मलबार हिलवर देह गिधाडांच्या स्वाधीन करत. अंत्यविधीवरून श्रद्धा ओळखता येत नाही.

मूळ मांडणीवरही आक्षेप आहे. मक्काबींचा देहाग्रह सरळ येशूपर्यंत आणता येत नाही, मध्ये पौल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रेषित उभा आहे. सर्वांत जुनी सविस्तर लेखी साक्ष त्याचीच: करिंथकरांस पहिले पत्र, इ.स. 53 ते 55. त्यात 15:50 म्हणते, मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही. रिकाम्या कबरेचा उल्लेख तो करत नाही. केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, येशूचा भाऊ याकोब आणि शेवटी स्वतः पौल, सर्वांना येशू ‘दिसला’ हे एकच क्रियापद. मासा खाणारा, ‘मला मांस व हाडे आहेत’ म्हणणारा येशू लूकच्या शुभवर्तमानातला, एका पिढीनंतरचा.

उत्खनक:
पण 15:4 मध्ये ‘पुरला गेला, उठवला गेला’ असा क्रम आहे. जे पुरलं तेच उठलं. शिवाय उठलेल्या देहाला पौल पुढे ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो, या मराठी शब्दांमुळे घोटाळा होतो. ग्रीकमध्ये ‘सोमा प्न्यूमातिकोन’, आणि त्याच्या जोडीला ‘सोमा प्सिखिकोन’, म्हणजे ‘प्राणमय शरीर’. हे दुसरं आपलं आजचंच शरीर. ते प्राणाचं बनलेलं नसतं, प्राणावर चालतं. तसंच पहिलं आत्म्यावर चालणारं.

मोडीवाचक:
व्याकरण ठीक, पण त्याआधीची 40-41 ही वचने वाचा. सूर्य, चंद्र, तारे यांचे तेज, स्वर्गीय शरीरे. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या लेखी प्न्यूमा, म्हणजे आत्मा, हे सूक्ष्म द्रव्यच होते. करिंथच्या ग्रीक वाचकाला तेजोमय द्रव्याचे शरीर सहज कळेल.

मांसावर भर आला तो दुसऱ्या शतकात. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधील लिओं शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळून राख ऱ्होन नदीत टाकली. उठण्याची आशाच राहू नये म्हणून, असे युसेबियस या चर्च-इतिहासकाराने जपलेले पत्र सांगते. त्याच सुमारास केल्सस हा ख्रिस्ती धर्माचा टीकाकार या श्रद्धेला किड्यांना शोभणारी आशा म्हणत होता. त्यापुढे सूक्ष्म द्रव्य पुरेना. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 210 च्या आसपास मांसाच्या पुनरुत्थानावर अख्खा ग्रंथ लिहिला.

उत्खनक:
ज्यांनी राख नदीत टाकली, त्यांच्या कानांवर ‘हाच देह उठेल’ हे आधीच पडलेलं असणार. टर्टुलियनच्या तीसेक वर्षं आधी. आणि छळ, तोडलेला देह, न्याय ही साखळी मक्काबींचीच.

आतश:
ऱ्होनमधली राख आणि बुंदहिश्नमधला पाण्याने वाहून नेलेला देह, प्रश्न एकच आहे. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताला तो आणखी अवघड रूपात सोडवावा लागला. भुकेने एका माणसाने दुसऱ्याचं मांस खाल्लं, तर ते उठताना कोणाचं? त्याचं उत्तर: ज्याच्या अंगी ते आधी माणसाचं मांस झालं त्याचं, खाणाऱ्याने ते उसनं घेतलेलं, परत करायचं.