पात्रिसिओ रिवास म्हणजे फक्त वॉकरचं बाहुलं?

गिरगावकर: निकाराग्वात घुसलेल्या अमेरिकन विल्यम वॉकरबद्दल सध्या वाचतोय. ऑक्टोबर १८५५ पासून तिथे पात्रिसिओ रिवास हंगामी राष्ट्राध्यक्ष होते. जिथे तिथे 'वॉकरचं बाहुलं' म्हणून त्यांची बोळवण केलेली दिसते. मग जून १८५६ मध्ये याच माणसाने वॉकरला देशद्रोही कसं ठरवलं? जाणकारांनी लिहावं.

बॅलार्डपियरवाला: राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी उभी नोकरी कस्टममध्ये गेली आणि रिवासही सान हुआन नदीच्या मार्गावरचे जकात अधिकारी, त्यामुळे या माणसाबद्दल मला आपुलकी आहे. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेले लोक याच नदीतून बोटीने वर यायचे, निकाराग्वा सरोवर ओलांडायचे आणि शेवटचे बारा मैल जमिनीवरून जाऊन पॅसिफिक गाठायचे. सगळ्यांचा डोळा त्या वाटेवर होता.

लेओन आणि ग्रानादा या दोन शहरांच्या गटांची यादवी चालू होती. वॉकर आला लेओनवाल्यांचा भाडोत्री म्हणून. ग्रानादा जिंकल्यावर त्याने विरोधी सेनापती पोन्सियानो कोरालशी तह केला. रिवास अध्यक्ष, कोराल युद्धमंत्री आणि फौज वॉकरकडे. आता बघा, रिवास खुर्चीत बसून दहा दिवसही झाले नव्हते, तोच होंडुरासकडे मदत मागणारी कोरालची पत्रं वॉकरच्या हाती लागली. ८ नोव्हेंबरला आपल्याच युद्धमंत्र्याला ग्रानादात गोळ्या घातल्या गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष काही करू शकले नाहीत. अशा वेळी कोण काय करणार होतं?

वसईकर: काका, आपुलकी समजते, पण फेब्रुवारी १८५६ मध्ये याच वाटेने प्रवासी नेणाऱ्या, अमेरिकन धनाढ्य व्हँडरबिल्टच्या कंपनीचा परवाना रद्द झाला तो रिवास सरकारच्या हुकमाने. फायदा वॉकरच्या माणसांचा. आमच्या वसईत १८०२ साली बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तेव्हा नाइलाज होता म्हणून आपण त्याला सोडतो का?

बॅलार्डपियरवाला: नाही सोडत, आणि त्या हुकमाचा दोष रिवासांवर आहेच. पण बाजीराव पुढे पेन्शनवर बिठूरला गेला. रिवास लेओनहून निसटून चिनांदेगाला गेले, वॉकरला देशद्रोही जाहीर केलं आणि शेजारच्या देशांच्या फौजांना साद घातली. जुलैत वॉकर स्वतःच अध्यक्ष झाला, सप्टेंबरमध्ये त्याने गुलामगिरी परत आणली, जी मध्य अमेरिकेत १८२४ लाच बंद झाली होती. १२ सप्टेंबरला दोन्ही गटांनी जुनं वैर बाजूला ठेवून करार केला तो रिवासांनाच अध्यक्ष मानून. बाहुल्याला हे जमत नाही हो.

गिरगावकर: मनापासून आभार. हा सप्टेंबरचा करार माझ्या वाचनात आलाच नव्हता. वॉकर शरण गेल्यावर रिवासांनी खुर्ची सोडली का?

बॅलार्डपियरवाला: सोडली. वॉकर १ मे १८५७ ला शरण गेला. जूनमध्ये मार्तिनेस आणि हेरेस या दोन गटांच्या पुढाऱ्यांनी मिळून कारभार हाती घेतला.