प्रतिसाद: बक्षीस की अनामत?
सिगारेटसारखी सवय सोडायला लावण्यात बक्षिसापेक्षा स्वतःचे पैसे गमावण्याची भीती अधिक परिणामकारक ठरते, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या धूम्रपानमुक्तीच्या एका मोठ्या चाचणीत, सिगारेट सोडल्यास सुमारे ८०० डॉलरचे बक्षीस, ही योजना ९० टक्के लोकांनी स्वीकारली. मात्र त्यातले १५० डॉलर आधी स्वतः अनामत म्हणून भरायचे, आणि सिगारेट सुटली तरच ते परत मिळणार, असे म्हटल्यावर जेमतेम १४ टक्के तयार झाले. अनामत भरणाऱ्यांत सिगारेट सोडण्याचे प्रमाण अधिक होते हे मान्य, पण ज्यांच्यापुढे योजना ठेवली त्या सर्वांचा हिशेब धरला, तर सहा महिन्यांनंतर बक्षिसाचाच गट पुढे होता. शिवाय, स्वतःचे पैसे पणाला लावणारा माणूस बहुधा निम्मा निर्धार करूनच आलेला असतो; त्याच्या यशाचे सगळे श्रेय अनामतीला कसे द्यायचे?