जुन्या गोव्यातील थडग्यांच्या शिळांवरची अक्षरे कशी वाचावीत?

फोंड्याचा वाटसरू:
गेल्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्याला गेलो होतो. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये पायांखालची फरशी थडग्यांच्या शिळांचीच आहे. त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि रोमन अक्षरांतील मजकूर कोरलेला आहे. आजोबांमुळे मला पोर्तुगीज जुजबी वाचता येते, तरीही एक ओळ धड लागली नाही. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, जिथे ‘यू’ हवा तिथे ‘व्ही’ आहे, काही अक्षरांच्या डोक्यावर नागमोडी रेघ आहे, एखादे लहान अक्षर मोठ्याच्या पोटात बसवले आहे आणि वर्षाच्या आकड्याआधी ‘एरा’ असा शब्द येतो. लिपी न कळणाऱ्या पाथरवटाने केलेल्या या चुका असाव्यात का? शिवाय सगळी चर्चे जांभ्या दगडाची असताना जांभ्यावर कोरलेला लेख मला एकही कसा दिसला नाही?

टाकीचे घाव:
यांपैकी एकही चूक नाही. प्राचीन रोमन शिलालेखांत ‘यू’ आणि ‘व्ही’ या दोन्ही उच्चारांसाठी ‘व्ही’ हे एकच अक्षर वापरीत असत आणि दगडावर मोठी अक्षरे कोरताना युरोपात ती रीत पुढे बराच काळ टिकली. त्यामुळे ‘व्ही’ दिसला की दोन्ही उच्चार करून पाहावेत आणि जो शब्द जुळेल तो धरावा. नागमोडी रेघ हस्तलिखिते उतरवणाऱ्या मध्ययुगीन लेखनिकांकडून आली आहे. अक्षरे गाळल्याची, विशेषतः ‘एन’ किंवा ‘एम’ गाळल्याची, ती खूण असते. ‘क्यू’वर तीच रेघ असेल तर बहुधा पोर्तुगीजमधील ‘के’ (म्हणजे ‘जो’ किंवा ‘की’) हा पूर्ण शब्द समजावा. आपल्या अनुस्वाराचे कामही फारसे वेगळे नाही. शिळेची रुंदी ठरलेली आणि मजकूर लांब, म्हणून अक्षराच्या पोटात अक्षर घालण्याची युक्ती.

‘एरा’चा प्रश्न मात्र रंजक आहे. पोर्तुगालमध्ये पूर्वी सीझरचा शक चालत असे आणि तो इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे होता. राजाने १४२२ मध्ये तो बंद केला, पण ‘एरा’ हा शब्द ‘साल’ या अर्थाने मागे उरला. गोव्यातील सगळे पोर्तुगीज लेख १५१० नंतरचे असल्याने इथे ३८ वजा करण्याच्या भानगडीत पडू नये. काही हौशी मंडळी ते करतात आणि मृताला जन्माआधीच पुरून मोकळी होतात.

सुरुवात करायचीच असेल तर सेंट कॅथरीनच्या कपेलातील (छोट्या प्रार्थनामंदिरातील) शिळेपासून करावी. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दे आल्बुकेर्क याने १५१० मध्ये ज्या दरवाजातून शहरात शिरून ते जिंकले तो दरवाजा याच जागी होता आणि गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये त्या स्मरणार्थ ही वास्तू बांधवली, असा त्या लेखाचा आशय आहे. आशय आधीच ठाऊक असला की अक्षरांचे वळण लवकर डोळ्यांत बसते.

चिऱ्याची खाण:
जांभ्याविषयी लिहितो. हा दगड सच्छिद्र असतो, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो. चिरा म्हणून तो उत्तम, पण बारीक अक्षराची धार त्यात टिकत नाही, कारण टाकी लागली की कडा भुग्यासारखी सुटते. म्हणून लेख कोरायला काळा पाषाण किंवा दुसरा घट्ट दगड निवडत. बॉं जेझू चर्चच्या दर्शनी भागातही भिंती जांभ्याच्या आणि नक्षीकाम काळ्या दगडाचे आहे. तिथे माथ्यावर ‘आयएचएस’ अशी जी तीन रोमन वाटणारी अक्षरे आहेत, त्यांतील मधले ‘एच’ नसून ग्रीक ‘ईटा’ आहे. ग्रीक लिपीत लिहिलेल्या येशूच्या नावातील ती पहिली तीन अक्षरे होत.

मात्र ‘यांपैकी एकही चूक नाही’ हे विधान मला जरा धाडसी वाटते. दगडावर खोडाखोड करता येत नाही, त्यामुळे सुटलेले अक्षर नंतर ओळीच्या वर घुसडलेले कुठेही सापडू शकते. तेव्हा प्रत्येक वेडेवाकडे अक्षर संक्षेपच आहे असे धरून चालू नये.

नार्वेकाठ:
सालांचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या देवनागरी लेखांत बेरीज खरोखरच करावी लागते. नार्वे येथील सप्तकोटीश्वराच्या दारावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचे काम सुरू झाल्याचा लेख आहे. त्यात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार असे दिले आहे. त्यात ७८ मिळवले की १६६८ येते. संवत्सर, तिथी आणि वार एकमेकांना ताडून पाहता येतात, ही सोय रोमन शिळांवर नसते.

एक विनंती आहे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल कृपया लावू नये, कारण ते छिद्रांत बसते आणि निघत नाही. कागदाचा ठसा घेणे हेही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना करण्याचे काम नव्हे. बॅटरी जमिनीलगत आडवी धरून एकाच शिळेची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावलीने उभी राहतात.

फोंड्याचा वाटसरू:
सर्वांचे आभार. काल बॅटरी घेऊन पुन्हा गेलो. आधी कपेलातील शिळा वाचली, मग फरशीवर वळलो. पावलांनी गुळगुळीत झालेल्या एका शिळेवर मृताचे नाव पार पुसले गेले आहे, पण तिरप्या उजेडात खालची ओळ लागली, ‘व्ही’चा ‘यू’ केल्यावर: ‘आणि त्याच्या वारसांचे’. म्हणजे थडगे कोणाचे ते कळत नाही, पुढे कोणाचे व्हायचे होते तेवढे कळते. शेजारच्या शिळेवर ‘क्यू’वरची रेघ दोनदा आली आहे, तिथे ‘के’ वाचून अर्थ जुळत नाही, तेव्हा चिऱ्याची खाण म्हणतात तसे ते घुसडलेले अक्षर आहे का, हे पुढच्या रविवारी पाहतो.