बाकावरचा आवाज आणि रेषेबाहेरचा आवाज

मुलांच्या बास्केटबॉल सामन्यात प्रशिक्षक असोत वा पालक, पंचाने दोघांच्याही आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करावे, असे एक मत आहे. मला ते अर्धेच पटते. प्रशिक्षक फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांच्या कक्षेत येतात. त्यांना आधी शांतपणे, मोजक्या शब्दांत ताकीद द्यावी आणि तरीही अरेरावी सुरू राहिली तर टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाबद्दलचा फाऊल) देण्यास कचरू नये. त्याची शिक्षा प्रतिस्पर्ध्यांना एक फ्री थ्रो (बास्केटवर विनाअडथळा एक फेक) एवढीच असली, तरी मुख्य प्रशिक्षकाच्या स्वतःच्या गैरवर्तनासाठी असे दोन फाऊल झाले की त्याला सामन्याबाहेर जावे लागते, आणि हे ठाऊक असलेला प्रशिक्षक पहिल्या फाऊलनंतर सहसा सावरतो. बारा-तेरा वर्षांची मुले हे सारे पाहत असतात, म्हणून ही पायरी टाळणे मला गैर वाटते.

पालकांना मात्र फाऊल देता येत नाही आणि त्यांच्याशी वाद घालणे तर मुळीच नको. चेंडू मृत असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, सामना रोखून धरावा, गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन आयोजकांना त्यांच्याशी बोलण्यास सांगावे आणि शांतता होईपर्यंत खेळ सुरू करू नये. आपल्याकडे शाळांच्या उघड्या मैदानांवर पालक अनेकदा सीमारेषेला खेटून उभे असतात. नियमानुसार रेषेबाहेर किमान 2 मीटर जागा मोकळी हवी, तेव्हा सामन्याआधीच ती करून घेतली तर निम्मी कटकट उद्भवतच नाही.