फ्लाय फिशिंग: मासा फ्लायपर्यंत (गळावर बांधलेल्या नकली किड्यापर्यंत) येतो आणि तोंड न लावता वळतो. टिपेट (फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक धागा) आणखी बारीक करू का?

नवागळ:
साहित्य आधी सांगतो. रॉड ९ फुटी, ५ वेट (लाइनच्या वजनाचा क्रमांक). लाइन फ्लोटिंग (तरंगणारी), वेट फॉरवर्ड (पुढच्या भागात जड). लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला धागा) ९ फुटी, टोकाला ५एक्स टिपेट (एक्सचा आकडा वाढला की जाडी कमी). फ्लाय १४ नंबरची पॅराशूट ॲडम्स, पाण्यावर तरंगणारी.

नदी ३५-४० फूट रुंद आहे. मधोमध जोरदार धार आणि पलीकडच्या काठालगत जेमतेम चार फुटांची संथ पट्टी. ट्राउट त्या पट्टीत वर येऊन किडे टिपतात. फ्लाय त्यांच्या वरच्या अंगाला दोन-तीन फुटांवर पडते. मासा फ्लायच्या खाली येतो, हातभर अंतर तिच्याबरोबर वाहतो आणि ऐनवेळी पाठ फिरवतो. १६ आणि १८ नंबर (आणखी लहान) लावून झाले, कॅडिस या दुसऱ्या किड्याची फ्लायही लावून झाली, फरक शून्य. ६एक्स लावल्याने काही होईल का?

शिवाय दोन तक्रारी. मेंड करायला (पाण्यावर पडलेली लाइन रॉडने सरकवायला) गेलं की फ्लायही जागची हलते. आणि दर १५-२० फेकींमागे लीडरवर एक बारीक गाठ सापडते, वारा नसला तरी.

उलटीधार:
फ्लाय बदलणं थांबवा. मासा वर येतोय म्हणजे आकार आणि रंग त्याला चालतोय. हातभर सोबत वाहून वळतो, हे ड्रॅगचं, म्हणजे लाइन फ्लायला ओढत असल्याचं, लक्षण आहे.

५ वेट लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असतं. फ्लाय त्यापुढे काहीच नाही. मधल्या धारेवर पडलेली लाइन धनुष्यासारखी खाली वाहते, मग लीडर ताणला जातो आणि फ्लाय संथ पाण्यात स्वतःच्या मर्जीने चालू लागते. तिच्यामागे व्ही आकाराची रेघ दिसली तर ड्रॅग कुणालाही कळतो. तुमचा त्याआधीचा आहे, उघड्या डोळ्यांना न दिसणारा. तो ओळखायचा तर फ्लायकडे एकटक बघू नका. तिच्या शेजारून वाहणारा फेसाचा एखादा बुडबुडा धरा. दोघांतलं अंतर दोन बोटांनी जरी बदललं, तरी माशाच्या लेखी तो किडा नाही.

उपायाची सुरुवात पायांपासून. तळ सुरक्षित असेल तर सावकाश आत शिरून अंतर १५-२० फुटांवर आणा. मग रॉड उंच धरून धारेवरची जवळपास सगळी लाइन हवेत ठेवता येते, पाण्यावर फक्त लीडर. हे जमलं तर पुढचं बरंचसं लागतच नाही.

नाही जमलं तर रीच कास्ट. नेहमीसारखी फेक करा, रॉड थांबवा. लूप (हवेतल्या लाइनचा वळसा) उलगडत असताना, लाइन अजून हवेत असताना, रॉड प्रवाहाच्या वरच्या दिशेला हात लांब करून आडवा न्या आणि त्याच दमात टोक पाण्याजवळ आणा. फ्लाय नेमावर पडते, लाइन मात्र वरच्या अंगाला तिरकी पडते. धार तिला आधी सरळ करणार, मग धनुष्य करणार, मग ओढणार. तेवढा वेळ तुमचा.

मेंडबद्दल: फ्लाय हलते कारण तुम्ही पाण्याला चिकटलेली लाइन आडवी खेचताय, आणि बहुधा उशिरा. लाइन पडल्या पडल्या करा. आधी रॉड वर उचलून लाइन पाण्यापासून सोलून घ्या, साधारण लीडरच्या जोडापर्यंत. मग टोकाने वरच्या दिशेला अर्धवर्तुळ काढा आणि त्याच वेळी डाव्या हातातून दोन-तीन फूट लाइन सोडा. सैल लाइन दिली नाही तर मेंडची किंमत फ्लायच चुकवते. तुमच्या आणि फ्लायच्या मध्ये वेगवान पाणी असेल तर मेंड वर. मध्ये संथ आणि फ्लाय वेगवान पाण्यात असेल तर खाली.

गाठीवाला:
उलटीधार यांना +१, पण आत शिरण्याबाबत थोडं सावध. संथ पट्टीतल्या माशाला मांडीएवढ्या पाण्यात चालणाऱ्या माणसाच्या लाटा लगेच जाणवतात. मधली धार खळाळती असेल तरच त्या लाटा तिथे मोडतात. सपाट वाहणारी असेल तर काठावरच थांबा.

आता टिपेट. एक्सचा हिशोब असा: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरले ते इंचाचे हजारावे भाग. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच (०.१५ मिमी), ६एक्स ०.००५ इंच. अंदाजासाठी गळाच्या नंबराला ३ ने भागायचं. १४ ला ३ ने भागलं की पावणेपाचच्या आसपास, म्हणजे तुमचं ५एक्स योग्यच आहे. १४ नंबरच्या हॅकलवाल्या (भोवती पिसं गुंडाळलेल्या) फ्लायला ६एक्स लावलं तर ती हवेत पंख्यासारखी फिरते आणि टिपेटला पीळ पडतो. फेक थांबवून टिपेट सैल सोडा. ते स्वतःभोवती गुंडाळलं तर पीळ आहे असं समजा.

जाडी नको, लांबी बदला. आहे त्या ५एक्सला आणखी ३ फूट ५एक्स तिहेरी सर्जन गाठीने जोडा. टिपेट काठीसारखं ताठ पडतंय तोवर पहिल्याच क्षणापासून ड्रॅग आहे. ते सैल नागमोडी पडलं पाहिजे. लांबी वाढवत जा, फ्लाय लीडरवरच ढेपाळायला लागली की ६ इंच कापा. तीच तुमची लांबी.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं आणि मासा लागल्यावर नेमकं तिथे तुटतं. ड्राय (तरंगत्या) फ्लायला नायलॉनच ठेवा. फ्लोरोकार्बन जड असतं, बुडतं. फ्लोटंट (तरंगवणारा लेप) फक्त फ्लायला लावायचं. टिपेटला लागलं तर ते पृष्ठभागावर चकाकत तरंगतं. शेवटच्या फूटभराला ओली बारीक माती चोळली की ते पाण्याखाली बसतं. उपाय गावठी आहे, पण कामाचा.

थांब_मग_सोड:
गाठीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिला विंड नॉट म्हणतात, पण वाऱ्यावर उगाच आळ आहे. ही टेलिंग लूपची करणी. रॉडचं टोक सरळ रेषेत जाण्याऐवजी मध्येच खाली झुकतं, मग लूपचा वरचा पदर खालच्या पदराला ओलांडतो आणि फ्लाय त्यात अडकते.

टोक झुकण्याची नेहमीची कारणं तीन. एक, पुढच्या फेकीच्या सुरुवातीलाच हिसका. दोन, लाइन लांब पण हाताचा फेरा तेवढाच आखूड; ४० फुटांच्या फेकीला २० फुटांच्या फेकीएवढा फेरा पुरत नाही. तीन, मागची लाइन उलगडायच्या आत हात नकळत पुढे सरकणं. पलीकडचा काठ गाठायच्या नादात जोर लावताय, तेव्हा पहिलं कारण जवळजवळ नक्की. वेग हळूहळू वाढवत न्या, सर्वांत जास्त शेवटी आणि लगेच खटकन थांबा. मागची फेक मान वळवून बघा, त्यात लाज कसली.

दर दहा फेकींनंतर टिपेट बोटांच्या चिमटीतून ओढून तपासा. अशा गाठीने ताकद निम्म्यावर येऊ शकते. सैल असेल तर गळाच्या टोकाने सोडवा, आवळलेली असेल तर कापून नवं टिपेट जोडा.

नवागळ:
सगळ्यांचे आभार. बुडबुड्याशी तुलना केली, फ्लाय खरंच मागे पडते मग पुढे पळते. रीच कास्टमध्ये मात्र फ्लाय नेमाच्या दोन-तीन फूट अलीकडे पडते, थेट धारेत. रॉड नेण्याची वेळ चुकतेय का?

उलटीधार:
वेळ नाही, लाइन चुकतेय. रॉड बाजूला नेताना डावी मूठ घट्ट असेल तर तुम्ही स्वतःच फ्लाय मागे खेचता. रीळमधून तीन-चार फूट जास्त लाइन आधीच काढून ठेवा आणि रॉड सरकवताना ती बोटांतून घसरू द्या. रॉड थांबण्याआधी सरकवला तर अंतर नव्हे, दिशा चुकते. फ्लाय वाकडी जाते. तुमचं अंतरच कमी पडतंय, म्हणजे मूठ सोडा.

सैल लाइन जास्त असल्याने मासा लागल्यावर नुसतं मनगट पुरणार नाही. रॉड लांब उचलावा लागेल.

गाठीवाला:
आणि बुडबुड्याबरोबर नीट वाहूनही मासा वळला, तर वर येण्याची तऱ्हा बघा. वलयात बुडबुडा उरत असेल तर तो पृष्ठभागावरून हवेसकट किडा गिळतोय, ॲडम्स बरोबर आहे. नुसती पाठ आणि शेपूट दिसत असेल तर तो पृष्ठभागाच्या लगेच खालचे, कोषातून बाहेर पडणारे किडे खातोय. तेव्हा ॲडम्स राहू द्या, तिच्या गळाच्या बाकाला १५ इंच ५एक्स बांधून मागे १८ नंबरचा इमर्जर (अशा किड्याची नक्कल) लावा. ॲडम्स थबकली किंवा बुडाली की रॉड उचला.