ई-रिक्षातून अर्ज, जनरेटरवर सभा: उमेदवाराला विजेतलं कळतं हे ओळखायचं कसं?

डीपी_६३

अर्ज भरायला ई-रिक्षा, इंधन दरवाढीवर बोलायला बैलगाडी, पत्रकावर सोलर पॅनेलसमोर हात जोडलेला फोटो. सोलापुरात दर निवडणुकीला यातलं काहीतरी दिसतंच. संध्याकाळी त्याच उमेदवाराच्या स्टेजमागं जाऊन बघा. १२५ केव्हीए क्षमतेचा डिझेल जनरेटर धडधडतोय आणि शेजारी तसाच दुसरा, पहिला बंद पडला तर म्हणून.

हिशेब मांडतो. एलईडी वॉल, साउंड, झोतदिवे, पंखे, कूलर मिळून ५० किलोवॅट धरा. चार तासांत २०० युनिट. जनरेटर लिटरमागं साधारण ३.३ युनिट देतो, म्हणजे ६० लिटर डिझेल आणि १६० किलो कार्बन डायऑक्साइड. आता गाडी. मोठी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला २० युनिट खाते. ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, वीज अजून बहुतांश कोळशाचीच, युनिटमागं ०.७२ किलोच्या आसपास. झाले साडेचौदा किलो. तेवढ्याच अंतराला डिझेल एसयूव्ही १० लिटर पिते, म्हणजे २७ किलो. रोज १०० किलोमीटर फिरला तर बचत साडेबारा किलो. एका सभेनं तेरा दिवसांची बचत जाळली. लोकसभा-विधानसभेला अर्जमाघारीपासून मतदानापर्यंत कायद्यानं किमान चौदा दिवस मिळतात, त्यात प्रचार मतदान संपायच्या ४८ तास आधी थांबतो. घ्या!

गाडी बघून उमेदवार पारखणं म्हणजे लेबल बघून चादरीचं सूत ओळखणं.

सिद्धेश्वर_पेठ

हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकला. प्रतीक नसेल तर विजेवर निवडणुकीत कुणी तोंडच उघडत नाही.

रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली. दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर जोडली गेली, केवढी मोठी गोष्ट! त्या रात्री सोलापुरात किती जणांना पत्ता होता? चर्चा झाली ती १६ ऑगस्ट २०१४ ला, पंतप्रधानांनी इथं येऊन लाइन राष्ट्राला अर्पण केली तेव्हा. वीज आधीच वाहत होती, कार्यक्रम नंतर झाला. तरी लोकांना ट्रान्समिशन हा शब्द त्या दिवशी कळला.

प्रतीक उलटतंही. सुशीलकुमार शिंदे २००६ पासून केंद्रात ऊर्जामंत्री. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळली आणि ३१ लाच त्यांच्याकडं गृहखातं आलं. तांत्रिक सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनच्या ट्रिपिंगपासून, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो तारखांचा योग. जो इलेक्ट्रिक गाडीतून येतो तो स्वतःची शेंडी लोकांच्या हातात देतो. मग ओढा ना! जनरेटरबद्दल तुम्ही आज त्यालाच विचारू शकता, फॉर्च्युनरवाल्याला कुणी विचारत नाही.

पूर्व_भाग

दोघंही सभेच्या मांडवातच अडकलात.

‘उशाला १,३२० मेगावॅटचं एनटीपीसी आणि आपल्याकडं अंधार’ या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. सोलापूरजवळच्या फताटेवाडीतल्या त्या वीज प्रकल्पाचे ६६० मेगावॅटचे दोन संच ग्रिडला वीज देतात आणि ती करारांप्रमाणे वाटली जाते. फताटेवाडीच्या चिमणीपासून तुमच्या वस्तीवरच्या डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, थेट तार नाही. शेतातली लाइट जाते ती बहुधा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये.

६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे दहाएक पंप बसतात, कारण एक पंप सहा केव्हीए ओढतो. तिथं वीस जोडलेले आणि प्रत्येकाला ऑटोस्विच. लाइट आली की वीसही मोटारी एका दमात उठतात, उठताना करंट पाच-सहा पट. फ्यूज उडतो. कुणीतरी जाड तार घालतं. पुढच्या खेपेला फ्यूज टिकतो आणि डीपीचं वाइंडिंग जळतं. मग वर्गणी, ट्रॅक्टर, खेटे. त्यापेक्षा ऑटोस्विच काढून आळीपाळीनं मोटारी लावल्या आणि ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर (मोटारीचा फुकटचा करंट कमी करणारं उपकरण) बसवला, तर सहाचे सव्वापाच केव्हीए होतात.

हे स्टेजवरून सांगणारा उमेदवार मला खरा वाटेल. यात टाळी नाही, उलट स्वतःच्याच मतदाराला ‘ऑटोस्विच काढ’ म्हणावं लागतं.

आणखी एक. कोणत्या पदासाठी उभा आहे ते बघा. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. सवलत द्यायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारनं रक्कम आगाऊ भरायची. खासदारकीचा उमेदवार यंत्रमागाचं बिल निम्मं करतो म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: २७ एचपीच्या आतल्यांचं की बाहेरच्यांचं? दोघांची सवलत वेगळी असते, हे त्याला माहीत आहे का ते तिथंच कळतं. नगरसेवकानं तर पथदिव्यांपलीकडं बोलूच नये.

झेंड्याची_सावली

सोलर प्रचाररथाला सरसकट हसू नका, तो साउंडपुरता चालतो. छोटा हत्तीच्या टपावर ५४० वॅटचं एकच पॅनेल मावतं. सपाट ठेवून उन्हाळ्यात दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट मिळतात. दोन भोंगे आणि अॅम्प्लिफायर सरासरी १५० वॅट ओढतात, दहा तासांचे दीड युनिट. भागतं. गाडी मात्र त्यावर हलत नाही, ‘सौरऊर्जेवर धावणारा रथ’ ही शुद्ध थाप.

चुकतं कुठं? एप्रिलच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांवर जातं. २५ च्या वर दर अंशाला ०.३५ टक्के घट, म्हणजे १४ टक्के इथंच गेले. वर धूळ. आणि सगळ्यात मोठा घोळ: टपावर काठी लावून झेंडा. त्याची पट्टीभर सावली एका ओळीवर पडली की बायपास डायोड ती ओळ वगळतो आणि पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद. पक्षाचा झेंडाच पक्षाचं पॅनेल बंद पाडतो.

डीपी_६३

ऑटोस्विचचं मान्य. पण @सिद्धेश्वर_पेठ, महावितरणची तात्पुरती जोडणी मिळत असताना दोन-दोन जनरेटर कशाला? अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, अनामत, मीटर. यात अशक्य काय आहे?

सिद्धेश्वर_पेठ

अशक्य काही नाही, सभा आदल्या रात्री ठरते ही अडचण. शिवाय मैदान डीपीपासून लांब असलं की टोकाला व्होल्टेज पडतं. आणि न्यूट्रल (परतीची तार) ढिला झाला तर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्ट जाऊन एलईडी वॉलचे सप्लाय उडतात. भाड्यानं आणलेल्या जनरेटरवरही हे होतं, न्यूट्रलचा जोड ढिला राहिला की झालंच. नेत्याचं भाषण चालू असताना माईक बंद पडण्याची जोखीम कुठलाच मंडपवाला घेणार नाही.

मधला मार्ग आहे. झोतदिवे, पंखे, कूलर तात्पुरत्या जोडणीवर. साउंड आणि वॉल ३० केव्हीएच्या जनरेटरवर. १२५ चा जनरेटर एवढ्याच, म्हणजे १५ किलोवॅटच्या भारावर चालवला तर तो डिझेल नीट जाळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गाळतो. म्हणजे पैशाचंही नुकसान.

पूर्व_भाग

मग हे कागदावर तपासा. लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं देतो आणि एक रुपया फी भरून तो कुणालाही बघता येतो. त्यात डिझेल वेगळं लिहिलंय का, की ‘मंडप-माईक-लाइट’ एकगठ्ठा आहे, एवढं बघा. स्टार प्रचारकाच्या हेलिकॉप्टरचं इंधन मात्र तिथं शोधू नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार त्याचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. आणि अर्जासोबतचा नमुना २६, म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, आधीच उघडा असतो. सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर तिथलं वीजबिल थकलंय का, ते त्यात लिहावं लागतं.

डीपी_६३

म्हणजे गाडी उमेदवाराची, जनरेटर मंडपवाल्याचा, हेलिकॉप्टर पक्षाचं. बरंय.